'डॉक्टर, आईला किती दिवस?'

तपासणीचा कागद हातात आला की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. आईला बाहेर बाकावर बसवून मुलगा एकटा आत येतो. दार लोटून घेतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, काय ते खरं सांगा. आईला किती दिवस?" आणि लगेच पुढचे वाक्य, "तिला मात्र काही कळू देऊ नका."

आज जो प्रसंग सांगते आहे तो एका घरचा नाही. निफाड, सिन्नर, नाशिकरोड अशा चार-पाच घरांत पाहिलेले एकत्र केले आहे, म्हणजे कुणी आपले-परके ओळखत बसू नये. बाई साठीच्या पुढच्या. पाळी जाऊन दहा वर्षे झालेली. वजन जास्त, साखरेची गोळी चालू. एक दिवस कपड्याला लाल डाग दिसला. 'उष्णता झाली असेल' म्हणून चार दिवस सब्जाचे पाणी घेतले, डाग थांबला. दोन महिन्यांनी पुन्हा दिसला तेव्हा सुनेच्या लक्षात आले आणि तीच त्यांना घेऊन आली. सोनोग्राफीत पिशवीचे अस्तर जाड दिसले, आतला थोडा भाग काढून तपासायला पाठवला आणि कागदावर शब्द उमटले : एंडोमेट्रियल कार्सिनोमा. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग.

मुलाने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे ठरवून टाकले होते. बहिणीला सासरहून बोलावून घ्यायचे, धाकट्याचे लग्न याच सालात उरकायचे, आणि आईला 'पिशवीला सूज आहे' एवढेच सांगायचे. आईने काय केले? तिसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडले, पाटल्या थोरल्या सुनेच्या हातात दिल्या आणि मोहनमाळ धाकटीसाठी म्हणून बाजूला काढून ठेवली. तिला कुणी काही सांगितले नव्हते. घरातली माणसे स्वयंपाकघरात आली की बोलणे थांबते, एवढ्यावरून तिने ओळखले होते.

त्या कागदावर पाटल्या वाटून टाकण्यासारखे काहीही नव्हते. पण ते मुलाला ठाऊक नव्हते आणि आईला विचारण्याची सोय नव्हती. म्हणून आजचा लेख या 'किती दिवस' विषयी.

आधी रोग कुठला ते पाहू. 'पिशवीचा कॅन्सर' या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन निरनिराळे आजार सांगितले जातात. एक पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा. तो बहुतांशी एका विषाणूच्या जुन्या संसर्गातून होतो आणि आपल्या देशात त्याचेच प्रमाण फार मोठे आहे. २०२२ या एका वर्षात भारतात सव्वा लाखावर स्त्रियांना तो झाला, असा जागतिक संस्थांचा अंदाज आहे. दुसरा आतल्या अस्तराचा. दर महिन्याच्या पाळीत जे अस्तर गळून पडते, त्याच्या पेशींचा हा रोग. आपल्याकडे तो पहिल्यापेक्षा कितीतरी कमी, पण मुंबईसारख्या शहरांत तो वाढताना दिसतो. वाढलेले वजन, मधुमेह, मूल न झालेले असणे, वर्षानुवर्षे अनियमित पाळी, यांचा त्याच्याशी संबंध आहे. शेजारच्या काकूंना 'पिशवीचा' झाला होता आणि त्या वर्षात गेल्या, हे ऐकून ज्या घाबरतात, त्यांनी आधी विचारावे की काकूंचा मुखाचा होता की अस्तराचा. दोन्हींची गणिते वेगळी आहेत. गर्भाशयमुखाची पॅप तपासणी चांगली आली म्हणजे अस्तराचा कर्करोग नाही असेही होत नाही. ती तपासणी मुखासाठी आहे.

अस्तराच्या कर्करोगाचा एक गुण मानावा लागेल. तो आपली वर्दी लवकर देतो. पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांना तो होतो, त्यांतल्या दहापैकी नऊ जणींना रक्त दिसलेले असते. उलट बाजूने पाहिले तर पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या दहा जणींपैकी साधारण एकीलाच कर्करोग निघतो, बाकीच्यांना दुसरी साधी कारणे असतात. म्हणजे डाग दिसला म्हणून घाबरायचे नाही आणि डाग थांबला म्हणून घरी बसायचेही नाही. पुष्कळ जणी या वर्दीमुळेच रोग पिशवीच्या आत असतानाच डॉक्टरांपर्यंत पोहोचतात, आणि पुढचे सगळे चित्र त्यावर ठरते.

आता 'किती दिवस' कडे येऊ. आपल्या जुन्या वैद्यकात औषधाला हात घालण्यापूर्वी साध्यासाध्यविचार करावा, असा दंडक होता. चरकसंहितेत रोगाचे चार प्रकार मानले आहेत. सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, पुरता जात नाही पण उपचार चालू आहेत तोवर दबून राहतो तो याप्य, आणि ज्याला उपाय नाही तो असाध्य. मला या विभागणीत एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. वैद्याने पहिला प्रश्न विचारायचा तो रोग कोणत्या जातीचा, हा. दिवस मोजण्याचा प्रश्न नंतर, आणि तोही सगळ्यांसाठी नाही. आमचे आजचे कर्करोगतज्ज्ञ मोठाली यंत्रे लावून शेवटी हेच ठरवतात. अस्तराच्या कर्करोगात बऱ्याच जणींचा रोग पहिल्या खान्यात पडतो, हे लोकांना ठाऊक नसते. 'कॅन्सर' हा शब्द ऐकला की सगळे थेट चौथ्या खान्यात जाऊन बसतात.

पण डॉक्टर आकडे सांगतात, त्यांचे काय? 'पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शंभरात इतके' असे ते म्हणतात, आणि घरी येईपर्यंत त्याचे 'डॉक्टरांनी पाच वर्षे दिली आहेत' असे होते. पाच वर्षे ही मोजण्यासाठी घातलेली खूण आहे. निदानानंतर पाच वर्षांनी किती जणी हयात आहेत ते मोजतात. पाच वर्षे पार केलेल्या बायका सहाव्या वर्षी जातात असा त्याचा अर्थ नाही. या रोगात उलटच. तो परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत परततो, म्हणून पाच वर्षे ओलांडलेली बाई बऱ्याच अंशी सुटली असे आम्ही समजतो.

शेतकरी वाचकांना हा आकडा मी पैसेवारीवरून समजावते. गावची पैसेवारी ६० लागली म्हणून गावातल्या प्रत्येक शेतात रुपयातले साठ पैसेच पीक आले, असे कुणी म्हणणार नाही. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचे पीक उभे, माळावरच्याचे करपलेले, सगळे मिळून साठ. टक्केवारीचा आकडा असाच गावचा असतो, तुमच्या शेताचा नसतो. आणि पैसेवारीही एकदाच लागत नाही. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. तसेच येथे. क्युरेटिंग किंवा बायॉप्सीचा पहिला कागद ही नजर पैसेवारी. एमआरआय किंवा सीटी स्कॅन झाले की सुधारित. शस्त्रक्रियेत काढलेली पिशवी, अंडाशय आणि लसिकाग्रंथी तपासून जो शेवटचा कागद येतो ती अंतिम. लोक मात्र नजर अंदाजावरच दुष्काळ जाहीर करतात. पहिला कागद आल्या दिवशी 'किती दिवस' विचारले तर प्रामाणिक डॉक्टरजवळ उत्तर नसते. त्याने 'आधी ऑपरेशन होऊ द्या' म्हटले, तर तो टाळतो आहे असे समजू नये.

शेवटच्या कागदावर काय पाहायचे

हा कागद इंग्रजीत असतो आणि घरातला शिकलेला मुलगा तो मोबाइलवर शब्द शोधत वाचतो. त्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसून खालच्या गोष्टी एकेक विचारून घ्याव्यात.

सर्वांत महत्त्वाची ती पायरी, ज्याला सगळे 'स्टेज' म्हणतात. रोग पिशवीच्या अंगातच आहे ती पहिली. तोंडाच्या मांसात उतरला ती दुसरी. पिशवीबाहेर पण ओटीपोटात, अंडाशयात किंवा लसिकाग्रंथींत गेला ती तिसरी. मूत्राशय वा आतड्याच्या आतल्या अस्तरात शिरला किंवा फुप्फुस, यकृत अशा लांबच्या ठिकाणी पोहोचला ती चौथी. पहिल्या पायरीतही एक पोटप्रश्न असतो. पिशवीची भिंत स्नायूंची, चांगली जाड असते. अस्तरातून निघालेला रोग त्या भिंतीत निम्म्याच्या आत थांबला की निम्म्याच्या पुढे गेला, हे मोजतात. निम्म्याच्या आत असेल तर फार चांगले.

मग येते 'ग्रेड'. रोगट पेशी मूळच्या पेशींसारख्या कितपत दिसतात, ते एक ते तीन या क्रमाने लिहितात. एक म्हणजे ओळखदेख राहिलेल्या, सावकाश वाढणाऱ्या. तीन म्हणजे पार बिघडलेल्या. स्टेज आणि ग्रेड यांची गल्लत नेहमी होते. एकदा एका गृहस्थांनी 'ग्रेड २' वाचून दुसरी पायरी झाली असे समजून आठवडाभर जेवण सोडले होते. त्यांच्या पत्नीची पायरी पहिलीच होती.

तिसरी गोष्ट जात. बहुतेकींचा रोग 'एंडोमेट्रिऑइड' या जातीचा असतो आणि तो तुलनेने सौम्य. 'सिरस', 'क्लिअर सेल' आणि 'कार्सिनोसारकोमा' या जाती थोड्या, पण तापट. त्या आकाराने लहान असतानाही बाहेर पडू शकतात, म्हणून त्यांत उपचार पहिल्यापासून कडक असतात. कागदावर 'एलव्हीएसआय' अशी अक्षरे असतील तर त्याचा अर्थ, रोगाच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत सापडल्या का; त्या पुष्कळ असतील तर काळजी वाढते.

गेल्या दहा-बारा वर्षांत यात एक नवी भर पडली आहे. २०१३ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी या रोगाच्या शेकडो गाठींतील जनुके वाचून त्यांचे चार गट पाडले. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी आतून अगदी वेगळ्या असू शकतात, हे त्यातून कळले. 'पोल' नावाच्या जनुकात विशिष्ट बिघाड असलेल्या गाठी दिसायला भयंकर, पण त्या स्त्रिया बहुधा उत्तम बऱ्या होतात. 'पी ५३' हे प्रथिन बिघडलेल्या गाठी त्रासदायक. 'एमएमआर' दुरुस्ती बिघडलेला गट मधला, आणि त्याचे दोन उपयोग आहेत. रोग पुढे गेलेला असला तर प्रतिकारशक्तीला जागे करणारी नवी औषधे याच गटात विशेष लागू पडतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी हे दाखवले. दुसरे म्हणजे काही घराण्यांत हा बिघाड रक्तातून आलेला असतो, आणि तेथे आतड्याचा व पिशवीचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या, तोही तरुण वयात दिसतो. आईच्या कागदावरून मुलीची आणि मुलाचीही काळजी घेता येते, ती अशी. पी ५३ आणि एमएमआर या तपासण्या काढलेल्या त्याच तुकड्यावर होतात. 'पोल'ची तपासणी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही.

याच कारणाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ साली पायऱ्यांची नवी मांडणी केली. त्यात नुसते रोग कुठवर गेला हे न पाहता त्याची जातही धरली आहे. त्यामुळे एकाच बाईच्या दोन कागदांवर दोन पायऱ्या लिहिलेल्या दिसू शकतात. जुन्या पद्धतीत पहिली आणि नव्यात दुसरी, असे झाले तर रोग आठवड्यात वाढला असे नव्हे. मोजपट्टी बदलली आहे. कोणती मोजपट्टी वापरली ते विचारावे.

आकडे आणि आकड्यांमागची माणसे

आता आकडे सांगते, पण गावची पैसेवारी डोक्यात ठेवूनच वाचा. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे रोग पिशवीपुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातल्या सुमारे ९५ जणी हयात असतात. जवळच्या भागात किंवा ग्रंथींत गेला असेल तर सुमारे ७०. लांब पसरला असेल तर सुमारे २०. वयोमानाने इतर आजारांनी जाणाऱ्या बायकांचा हिशेब यातून वजा केलेला असतो.

हे आकडे आपले आहेत का? पूर्ण नाहीत. आपले आकडे कसे मिळतात, हेही सांगण्यासारखे आहे. भारतातील पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पण ती शहराची. खेड्यातली पहिली १९८७ साली बार्शीला सुरू झाली. नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे हाती घेतली. मुंबईत इस्पितळांची दप्तरे पाहून नोंद होते. येथे दप्तरच नाही, कारण आजारी माणूस इस्पितळात पोहोचलेलाच नाही. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव हिंडले, सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटले, सभा घेऊन लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्ण बार्शीला आणले. आणि निदान झाल्यावर वर्षानुवर्षे पुन्हा त्याच दारात जाऊन विचारले, बाई आहे का, कशी आहे. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट लिहिलेले असेलच याचा भरवसा नसल्याने दुसरा मार्ग नव्हता. कागदावर छापलेल्या एकेका टक्क्यामागे अशी पायपीट आहे.

सुरुवातीचे बार्शीचे आकडे पाश्चात्त्य देशांच्या खूप खाली होते. बायका उशिरा येत आणि उपचार अर्धवट सोडत. पण काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट दिसली. कस्तुरी जयंत, नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले की या गावांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आता आधीच्या पायऱ्यांवर सापडू लागला आहे. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. मोजायला गेलेली माणसे बोलत राहिली आणि बायका लवकर येऊ लागल्या. ते काम मुखाच्या कर्करोगाचे असले तरी अस्तराच्या रोगातही रक्त दिसल्यापासून डॉक्टरपर्यंतचे दिवस हेच आपल्या हातात असतात.

आकड्यांविषयी आणखी एक. अमेरिकेचे जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटाच्या आवरणाचा एक दुर्मिळ आणि वाईट कर्करोग झाला. पुस्तकात लिहिले होते, निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात. गूल्ड स्वतः आकडेशास्त्र जाणणारे. त्यांनी विचार केला की निम्मे आठ महिन्यांत गेले म्हणजे उरलेले निम्मे त्याहून जास्त जगले, काही तर खूपच जास्त; मी वयाने लहान, रोग लवकर सापडलेला, उपचार चांगले, मग मी त्या लांबच्या टोकाला का नसावे? ते त्यानंतर वीस वर्षे जगले आणि २००२ साली दुसऱ्याच कर्करोगाने गेले. सगळेच गूल्ड होत नाहीत, हे उघड आहे. पण मधला आकडा म्हणजे निकाल नव्हे, हे त्यांनी स्वतःवरून दाखवून दिले. छापील आकडे काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचे असतात, म्हणून नवी औषधे त्यांत अजून आलेली नसतात, हेही लक्षात ठेवावे.

हे आकडे उपचारांवरही अवलंबून असतात. पहिल्या पायरीच्या, सौम्य जातीच्या रोगात शस्त्रक्रियेनंतर बहुधा काहीच लागत नाही. मधल्यांना योनिमार्गातून आतला शेक देतात, काहींना बाहेरून, तापट जातीत व तिसऱ्या पायरीत केमोही. पहिल्या पायरीत बाहेरून शेक दिल्याने ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण घटते पण आयुष्य वाढतेच असे नाही, हे नेदरलँड्समधील २०००  सालच्या अभ्यासाने दाखवले. म्हणून 'आम्हाला शेक का दिला नाही, पैसे कमी म्हणून का' असे मनात आणू नये. उलट ज्यांना सांगितला आहे त्यांनी तो द्राक्षाचा हंगाम आहे म्हणून मध्येच सोडू नये. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याच्याशी पहिल्याच दिवशी बोलावे.

एक व्यवहाराची गोष्ट. पंचवटी एक्स्प्रेसने पहाटे निघून टाटा रुग्णालयात पोहोचायचे आणि तिथे कळायचे की मेणातले 'ब्लॉक' आणि काचा आणल्याच नाहीत, असे पुष्कळांचे होते. तपासलेला तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो. तोच पुन्हा तपासून दुसरा तज्ज्ञ आपले मत देतो, आणि पी ५३ वगैरे तपासण्याही त्यावरच होतात. प्रयोगशाळेतून तो मागून घ्यावा, उन्हात ठेवू नये, हरवू नये.

येथे एक कडू गोष्ट लिहावीशी वाटते. 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती घालून आपल्या राज्यात कितीतरी धडधाकट पिशव्या निघाल्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. याची दुसरी बाजू अशी की आतला तुकडा न तपासता पिशवी काढली, ती तपासायला पाठवलीच नाही, आणि आत खरेच रोग होता, तर त्या बाईची अंतिम पैसेवारी कायमची हरवते. ग्रंथी तपासलेल्या नाहीत, खोली मोजलेली नाही. मग पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो. पाळी गेल्यावर रक्त दिसले असेल तर आधी तुकडा, मग शस्त्रक्रिया. आणि काढलेली पिशवी तपासणीला गेली ना, हे नातेवाइकांनी तोंडाने विचारावे.

आता ज्या बाईंपासून सुरुवात केली त्यांच्याकडे. त्यांचा शेवटचा कागद आला : एंडोमेट्रिऑइड जात, ग्रेड १, भिंतीत निम्म्याच्या आत, ग्रंथी स्वच्छ. मुलाला मी म्हटले, "तुमच्या आईला या रोगापेक्षा साखरेची आणि रक्तदाबाची भीती जास्त आहे." त्याला ती थट्टा वाटली. पण ते खरे आहे. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अस्तराच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांत सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने झालेले दिसले. ज्या वजनाने आणि साखरेने अस्तर बिघडवले तीच पुढे हृदयावर जातात. ऑपरेशन झाले, गाठ गेली, देवाला नारळ फोडला आणि साखरेची गोळी बंद, असे करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि आईला सांगायचे की नाही? मी त्यांना एकटीला आत बोलावले आणि विचारले, "मावशी, तुमच्या आजाराचं तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की मुलावर सोडता?" काही जणी खरोखर म्हणतात, "त्यालाच सांगा, मला नको." तेही मान्य करावे. या बाई म्हणाल्या, "सगळं सांगा. घरात कुणी बोलत नाही, मला वाटलं आता उरलंय काय." मी सांगितले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पुन्हा होईल का, आणि नातवाच्या मुंजीपर्यंत मी चालती-फिरती असेन का. पहिल्याचे उत्तर, शक्यता थोडी. दुसऱ्याचे, हो, असे वाटते. मग त्या बाहेर गेल्या आणि मुलाला म्हणाल्या, "सूज म्हणे सूज." तो तेथेच रडला.

चौथ्या पायरीच्या बाईला हेच बोलणे जड जाते, पण तेथेही 'किती दिवस' याऐवजी 'काय करता येईल, त्रास कसा कमी ठेवता येईल, कोणती कामे आधी उरकावीत' असे विचारले तर डॉक्टरला उत्तर देता येते. महिन्यांचा अंदाज हवाच असेल तर एकच आकडा मागू नये. 'बरे गेले तर किती, वाईट गेले तर किती' असे विचारावे. दोन टोके कळली की घरच्यांना तयारी करता येते आणि आशाही खोटी राहत नाही.

उपचार संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी किंवा वर्षाने दाखवायचे असते. मध्येच पुन्हा रक्त दिसले, ओटीपोटात वा कमरेत न थांबणारे दुखणे सुरू झाले, एका पायाला सूज आली, खोकला हटेना किंवा वजन उतरू लागले, तर तारखेची वाट पाहू नये. योनीच्या टोकाशी थोडा रोग परतला आणि आधी शेक घेतलेला नसला, तर शेकाने तो अनेक जणींत पुन्हा आटोक्यात येतो. या बाईंची पुढची तारीख त्यांनी स्वतःच कालनिर्णयवर लिहून घेतली आहे. पाटल्या मात्र सुनेने परत केल्या तरी त्या घ्यायला तयार नाहीत; म्हणतात, दिल्या त्या दिल्या.